चौथ्या भोंग्याचं तोंड

सटवाजीला पाच कोसांत सगळे ओळखत. लग्न असो, सप्ताह असो, निवडणुकीची सभा असो, भोंगे बांधायला सटवाजीच लागायचा. ताडकळसच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि राहायला तो तिथून दोन कोसांवरच्या गावी होता. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि एकमेकांना रामराम घालतात. शिवाय असं गाव त्या काळात ते एकटंच नव्हतं.

सटवाजीचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. बाप येडबा आठ महिने रानात, माय मनकर्णाबाई चार शेरडं सांभाळत गावात. पोराचा जीव मात्र लहानपणापासून रेडिओत अडकलेला. शेवटी येडबानं कपाळाला हात लावून त्याला परभणीला गफूर उस्तादांच्या दुकानी सोडलं. तीन वर्षं सटवाजीनं तिथं तारा डाखायची झारणी धरली, उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या आणि काम शिकला.

उस्तादांनी पहिल्यांदा शिकवली ती मशीन आणि भोंग्यांची सोयरीक. मशीन म्हणजे ॲम्प्लीफायर. त्याच्या पाठीवर चार, आठ, सोळा असे आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक स्क्रू. भोंग्याचाही स्वतःचा आकडा असतो, त्याला ओहम म्हणतात. सटवाजीचे चारही भोंगे सोळाचे होते. चौघांना मशीनपासून आपापल्या तारा दिल्या की चौघांचा मिळून आकडा चार होतो, मग त्या तारा चारच्या स्क्रूला आवळायच्या. सोयरीक जमली. आवाज नदीपलीकडं जातो. पण तेच चार भोंगे माळेसारखे एकामागं एक ओवले, तर आकडा होतो चौसष्ट, आणि चारच्या स्क्रूवर चौसष्टचा संसार नांदत नाही. गंमत अशी की मशीन जळत नाही, भोंगा फाटत नाही, लाल दिवा पेटलेला असतो, काटा हलत असतो. फक्त आवाज अंगणाबाहेर पडत नाही. बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही.

"जोडा बराबर बिठाव, मियाँ," उस्ताद म्हणायचे. "माइक में जो बोलता, उसकी आवाज अपने पास अमानत रहती."

सटवाजी मान हलवायचा. ऐकणं सोपं असतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. पेटला असं आपण लिहून मोकळे होतो, जणू काही आपोआपच पेटला. पेटवणाऱ्यांना हात होते, पाय होते, आईबापांनी ठेवलेली नावं होती. सटवाजीच्या गावात भीमनगरातली तीन घरं जळाली. त्यांतलं एक सरजाबाईचं. तिचा नवरा सिताराम ज्वारीचं पोतं ओढून काढायला आत गेला आणि दोन्ही पंजे भाजून बाहेर आला. त्यानंतर त्याच्या हातात विळा कधी टिकला नाही.

सरजाबाई आणि सटवाजीची माय मनकर्णाबाई या दोघी जिवाच्या मैत्रिणी. खुरपणीला एका पातीला लागायच्या, एकीची भाकरी दुसरीच्या फडक्यात असायची. गावाला हे फारसं रुचत नव्हतं, पण मनकर्णाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. घरं जळाली त्या दिवशी मनकर्णाबाई शेरडं घेऊन ओढ्याकाठी होती. रॉकेलचा डबा घेऊन जाणारे तिघं तिनं डोळ्यांनी बघितले. त्यांत पुढं होता व्यंकटरावांचा पुतण्या बन्सीधर.

व्यंकटराव म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं शेत. दिवाळीनंतर येडबाची तीनशे मेंढरं त्यांच्याच रानात बसायची. मेंढरांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळायचं आणि येडबाच्या घरी ज्वारी यायची. बापजाद्यांपासून चालत आलेला हा व्यवहार. त्या रानात मेंढरं बसली नाहीत, तर बसवायची कुठं?

आठ-दहा दिवसांनी तहसीलचे साहेब शांतता सभा घ्यायला येणार असं कळलं. चौकीत सरजाबाईची तक्रार कोणी लिहून घेतली नव्हती. साहेबांनी निरोप धाडला, ज्याला सांगायचंय त्यानं सभेत सगळ्यांसमोर सांगावं, ज्यानं पाहिलंय त्यानं हात वर करावा, मी तिथंच लिहून घेतो. सरजाबाई मनकर्णाबाईकडं आली. सटवाजी ओसरीवर तारा सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं.

"मी नाव घेते, मनकर्णे. पर माझं एकटीचं कोण खरं मानंल?"

"तू घे नाव. पयलं नाव मी घेणार न्हाई, आमची मेंढरं हाईत त्यायच्या रानात. पर तू घेतलंस अन् साहेबानं इचारलं, तर मी हात वर करते. मरीआईची आण."

बस्स, एवढंच ठरलं. दोन बायकांनी ठरवलेलं, कागद नाही की पत्र नाही.

सभेच्या दिवशी सकाळी सटवाजी शाळेपुढच्या मैदानात बांबू रोवत होता. व्यंकटराव छत्री टेकवत आले. आवाज चढवणं हे त्यांचं कामच नव्हतं, त्यांच्यासाठी ते दुसरे करायचे.

"सटवा, माईक लावायलास नव्हं? लाव, चांगले चार भोंगे लाव. माईक नसला तर साहेब म्हणतील, बाईचा आवाज दाबला." त्यांनी एका बांबूला हात लावून तो हलतो का बघितलं. "फकस्त आवाज लय लांब जायला न्हाई पायजे. तुमचं ते वायरीचं काय असतंय ते बघ. तू हुशार हाईस. औंदा मेंढरं कवा बसवायलाय येडबा?"

"दिवाळी झाल्यावर, मालक."

"मग बसवा की. रान तुमचंच हाय."

एवढं बोलून ते गेले. धमकी दिली असं कुणाला म्हणता आलं नसतं. सटवाजी तारेचं भेंडोळं हातात घेऊन किती वेळ उभा राहिला ते त्यालाही आठवत नाही. मग त्यानं पहिल्या भोंग्याची तार दुसऱ्यात घातली, दुसऱ्याची तिसऱ्यात, तिसऱ्याची चौथ्यात, आणि उरलेली दोन टोकं चारच्या स्क्रूला आवळली. हातांनी काम नेटकं केलं. हात शिकलेले होते ना.

सभा भरली. पुढच्या चार ओळी व्यंकटरावांच्या माणसांच्या, बाजूला भीमनगरातले, आणि शेवटी लिंबाखाली, नेहमीसारखी, धनगरवाड्यातली माणसं. पुढं या असं त्यांना कुणी म्हणालं नाही आणि तीही गेली नाहीत. मनकर्णाबाई तिथंच उभी होती. साहेब बोलले, व्यंकटराव बोलले. मागून ओरडा झाला, "आवाज येईना! ए सटवा!" सटवाजीनं खालमानेनं बटण फिरवलं आणि सांगितलं, "बॅटरी उतरलीय." लोक काय, लोकांना पटलं.

मग सरजाबाई उठली.  माईकपुढं उभी राहून तिनं आधी घर सांगितलं, मग सितारामचे हात सांगितले, मग नावं घेतली. तिन्ही घेतली. पहिलं बन्सीधरचं. सटवाजी तिच्यापासून चार हातांवर होता, त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. साहेबांनी विचारलं, "कोणी पाहिलं असेल त्यांनी हात वर करा."

सटवाजीनं लिंबाकडं बघितलं. माय टाचा उंचावून उभी होती. हात कानाशी धरलेला. तिथून तो वर जायला वीतभरच राहिला होता, पण कानाशीच राहिला. सटवाजीच्या खिशात स्क्रू फिरवायचा पेचकस होता. तारा उलगडून नीट जोडायला त्याला फार तर दोन मिनिटं लागली असती. तो बसून राहिला. साहेबांनी दोनदा विचारलं आणि लिहिलं, दुजोरा नाही. बाईंनी रडून काहीतरी सांगितलं, असं पुढच्या ओळींतल्या लोकांनी घरोघर पोचवलं.

घरी आल्यावर मायनं चूल पेटवायच्या आधी त्याला विचारलं.

"तू तर मशीनपाशीच व्हतास. तिनं नाव घेतलं का रं?"

इथं तरी खरं बोलता आलं असतं. कुणी ऐकत नव्हतं, छत्रीवाले व्यंकटरावही नव्हते. पण खरं बोललं असतं तर ती तशीच उठून साहेबांच्या मागं तालुक्याला गेली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"न्हाई, माय. नुसती रडली."

मनकर्णाबाईनं चुलीत काटक्या सारल्या. "भ्याली बाई," ती म्हणाली. "मला आण घ्याया लावली अन् भ्याली."

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. एका पातीला लागल्या नाहीत. वाटेत गाठ पडली तर एक बांध सोडून दुसऱ्या बांधानं जायची. मेंढरं मात्र व्यंकटरावांच्या रानात बसली, त्या साली आणि पुढच्याही. मनकर्णाबाई सत्त्याऐंशी साली गेली. शेवटच्या दुखण्यातही एकदा म्हणाली, "सरजा आली न्हाई व्हय रं?" सटवाजीनं पाणी पाजलं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. धनगरवाड्याच्या रीतीनं तिला माळावर माती दिली. सरजाबाई आली नाही.

माणूस काय काय घेऊन जगतो, आणि वर धंदाही करतो! सटवाजीचा धंदा वाढला. नवी मशीनं आली, कॅसेटचा डेक आला, पण त्या दिवसापासून एक खोड लागली ती लागलीच. कुठंही भोंगे बांधले की तो शेवटच्या माणसापाशी चालत जायचा आणि विचारायचा, "ऐकू यायलंय का?" लोक हसायचे. लग्नातला नवरदेव थांबवून हा माणूस उकिरड्याजवळच्या म्हातारीला विचारतो, ऐकू यायलंय का! येतंय म्हणाली तरी याचं समाधान व्हायचं नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा सोळा वर्षं रखडलेला निकाल लागला. पुढच्या बाजाराच्या दिवशी सरजाबाई दुकानात आली. केस पांढरे झालेले, पाठ जरा वाकलेली. सटवाजी उठून उभा राहिला.

"बस, मावशी."

"बसाया येळ न्हाई. भीमनगरात सभा हाय. पोरं म्हणायलेत, भोंगे नांदेडहून आणू. मी म्हणले, न्हाई, सटवाच आणील. त्या साली कुणी दारात उभं करत नव्हतं, तवा हाच एकटा भोंगे घेऊन आल्ता."

 तिनं शिव्या घातल्या असत्या तर सटवाजीला बरं वाटलं असतं.

"तू बोलणार का, मावशी?"

"मी? आता कामून? पोरं लय मागं लागलीत, पर मी न्हाई म्हणले. माझा आवाज पोचत न्हाई, बाबा. त्या दिवशी तू बघितलास नव्हं? बॅटरी उतरली व्हती खरी, पर माझ्या घशातूनच निघंना. सिताराम मरस्तोवर मला म्हणायचा, सरजे, जरा मोठ्यानं बोलली असतीस तर." ती दाराच्या चौकटीला टेकली. "अन् पोचला असता तरी काय? तुझ्या मायनं आण घेतली व्हती. साहेबानं दोनदा इचारलं, तरी हात वर केला न्हाई. मी तिच्या मातीला आले न्हाई, सटवा. तेवढं मनात धरू नको."

ती सोळा वर्षं स्वतःच्या गळ्याला दोष देत होती. सटवाजीला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, आपलं पाप दोघींत भांडण लावण्याएवढंच. ते तर तिच्या गळ्यात जाऊन बसलं होतं.

 त्यानं फळीवरून जुनं मशीन खाली घेतलं, तेच, अठ्ठ्याहत्तरचं. धूळ पुसली. चार भोंगे दुकानाबाहेर रस्त्याकडं तोंड करून मांडले, तारा एकामागं एक ओवल्या आणि माईक सरजाबाईच्या हातात दिला.

"बोल, मावशी."

"काय बोलू?"

"तुझं नाव सांग."

"मी सरजाबाई सिताराम," ती म्हणाली. भोंग्यांतून आवाज आला न आला. समोरच्या भाजीवालीनं मानही वळवली नाही.

"बघ," सरजाबाई म्हणाली. "म्हणले नव्हते?"

सटवाजीनं पेचकस काढला. तारा सोडल्या आणि प्रत्येक भोंग्याला आपापली तार दिली. दोन मिनिटं लागली. 

"आता परत सांग. तेवढ्याच आवाजात."

"मी सरजाबाई सिताराम."

अख्खा बाजार वळून बघायला लागला. पार बैलबाजारापर्यंत नाव गेलं. सरजाबाईनं दचकून माईक छातीशी धरला.

"ह्यो माझा आवाज हाय?"

"तुझाच, मावशी. त्या दिवशीबी एवढाच व्हता. मी उलटं जोडलं व्हतं. व्यंकटरावनं सांगितलं अन् मी केलं."

 पुढचं अजून बाकी होतं, आणि ते आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे सटवाजीला कळत होतं.

"मायला ऐकू गेलं न्हाई. ती लिंबाखाली कानाला हात लावून उभी व्हती. घरी आल्यावर तिनं मला इचारलं, सरजानं नाव घेतलं का. मी म्हणलो, न्हाई."

सरजाबाई हळूच खाली बसली, दुकानाच्या उंबऱ्यावरच. बाजाराचा गलबला चालू होता. तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही.

"म्हणजी ती मेली, ती मी भ्याले असं मनात धरून मेली," ती म्हणाली.

"शेवटी तुझी याद काढली तिनं."

"गप."

 सटवाजीला तिच्या पाया पडायचं होतं, पण पायाला हात लावायचीही लाज वाटली. ती उठली, लुगडं झटकलं.

"परवा चार भोंगे घेऊन ये. मी बोलणार हाय. तीन सभेकडं बांध." ती पायरी उतरली आणि मागं न बघता म्हणाली, "चौथ्याचं तोंड माळाकडं कर."

सभा दुपारी होती. सटवाजीनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. प्रत्येक स्क्रू त्यानं तीनदा आवळला. चौथा भोंगा सगळ्यात उंच बांबूवर बांधला आणि माळाकडं वळवला. पोरांनी विचारलं, तिकडं कोण बसणार हाय?  तो सवयीनं माळावर चालत गेला आणि मायच्या मातीपाशी उभा राहिला. खालून कुणीतरी माईकवर हॅलो म्हणालं. स्पष्ट आलं. विचारायला माणूस नव्हतं.

गर्दी चांगली झाली. धनगरवाड्यातली माणसंही आली आणि खोडच ती, मागं उभी राहिली. व्यंकटराव अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते, बन्सीधर सेलूला कापसाच्या व्यापारात बसला होता. पोरांची भाषणं झाली. मग सरजाबाई उठली.

"मी लांबण लावत न्हाई," ती म्हणाली. "मला एकीशी बोलायचंय. मनकर्णे, मी त्या दिवशी नाव घेतलं व्हतं. तुला ऐकू आलं न्हाई, त्यात तुझी चूक न्हाई. माझीबी न्हाई. आता परत घेते, ऐक."

आणि तिनं तिन्ही नावं घेतली. एकेक, सावकाश. आवाज गावावरून गेला, व्यंकटरावांच्या माडीवरून गेला, माळावर गेला. 

"ज्यांनी बघितलं असंल, त्यांनी हात वर करा," सरजाबाई म्हणाली.

 मग मागून, धनगरवाड्यातल्या माणसांतून, म्हाताऱ्या भिवराबाईचा हात वर आला. त्या दिवशी ओढ्याकाठी तीही होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाठोपाठ आणखी एक हात आला.

सटवाजी मशीनपाशी उभा होता. त्यानं स्वतः काही बघितलं नव्हतं. पण मायचा कानाशी अडकलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि आपल्यालाही न कळत त्याचा उजवा हात वर गेला.

सरजाबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. माईक तिच्या तोंडापाशीच होता.

"सटवा, तू हात खाली घे. ती जागा तुझ्या मायची हाय."

सटवाजीनं हात खाली घेतला. भोंगे बरोबर जुळलेले होते, त्यामुळं ते वाक्य शेवटच्या माणसापर्यंत गेलं आणि माळावरही गेलं.